कोरडवाहू शेतकऱ्यांचें शिक्षण आणि त्याचा खर्च

कोरडवाहू मुलखांतील शेती तीन गोष्टींवर उभी असते: जमीन, पाऊस आणि विद्या. पैकीं जमीन वाडवडिलांकडून येते व पाऊस दैवाधीन असतो. विद्या मात्र मिळवावी लागते आणि ती मिळवून देण्यास कोणास तरी पैसा खर्च करावा लागतो. पहिल्या दोहोंविषयीं आपण रात्रंदिवस बोलतों. तिसरीचा खर्च कोण करतो, कोणत्या रीतीनें करतो आणि ज्याला तिची अधिक गरज त्याच्यापर्यंत ती पोहोंचते किंवा नाहीं, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखांत तोच करावयाचा आहे.

प्रथम परिस्थिति पाहूं. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत वहितीचीं खातीं सुमारें दीड कोटी असून दर खात्यास सरासरी १.३४ हेक्टर जमीन येते. शंभरांतील सुमारें ऐंशीं खातीं दोन हेक्टरांच्या आंतलीं आहेत. लागवडीच्या जमिनीपैकीं सुमारें चार-पंचमांश जमीन केवळ पावसावर अवलंबून आहे. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव व सांगलीचा पूर्वभाग अशा अवर्षणप्रवण टापूंत वर्षाकांठीं सरासरी ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. नवी मुंबईंत, जेथें हल्लीं आमचें वास्तव्य आहे, जुलै या एकाच महिन्यांत एवढा पाऊस सहज पडून जातो. येथील वाशीच्या बाजार आवारांत त्याच कोरड्या टापूंतला कांदा, डाळिंब व कडधान्य येऊन पडतें. परंतु तो माल पिकविणाऱ्यास किती थोड्या पाण्यावर तो पिकवावा लागला, हें मालाच्या ढिगाकडे पाहून कोणास कळत नाहीं.

तरीही पाणी अगदींच थोडें असतें असें नाहीं. एक इंच पाऊस एका एकरावर पडला म्हणजे त्याचें पाणी सुमारें एक लाख लिटर होतें. वीस इंच पावसाच्या गांवीं एकरीं वीस लाख लिटर पाणी आकाशांतून येतें. प्रश्न असा असतो कीं, त्यांतील किती मुरलें, किती वाहून गेलें आणि पिकास हवें त्या आठवड्यांत किती उरलें. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशीं शेतकऱ्याच्या हातच्या आहेत, आणि त्या हातीं घेण्याची जी रीत तीच कोरडवाहू शेतीची विद्या होय.

यंत्र आणि विद्या

यंत्रास अनुदान मिळालें कीं शेतकी सुधारली, असा एक समज आपल्या मंडळींत दृढ झाला आहे. तो कितपत खरा, हें एका उदाहरणावरून पाहूं. रुंद वरंबा व सरी पाडून पेरणी करणारें यंत्र आतां बहुतेक तालुक्यांत ठाऊक झालें आहे. सोयाबीनच्या कांहीं ओळी एका रुंद वरंब्यावर येतात व दोन्ही बाजूंस सरी राहते. पावसानें ओढ दिली तर सरींत मुरलेली ओल वरंब्यास पुरते. झोड पाऊस झाला तर जादा पाणी सरींतून निघून जातें व मुळें कुजत नाहींत. कल्पना साधी व उत्तम आहे.

परंतु हें यंत्र उताराला आडवें चालवावें लागतें. तें उताराच्या दिशेनें चालविलें तर सरीची घळ होते व जी माती राखावयाची तीच ओढ्यास जाते. सरीच्या शेवटीं पाण्यास वाट ठेवावी लागते. बियाणें तीन-चार सेंटिमीटरांहून खोल पडूं नये म्हणून फण आधीं जुळवून घ्यावे लागतात. वाफसा नसतांना चालविल्यास ढेकळें निघतात. शिवाय ही पद्धत मध्यम ते भारी काळ्या जमिनीस मानवते. हलक्या मुरमाड जमिनींत तिचा लाभ फारसा दिसत नाहीं. या पांच गोष्टी ज्यास ठाऊक नाहींत त्याला यंत्र फुकट दिलें तरी एका हंगामानंतर तें गोठ्याच्या भिंतीस टेकून उभें राहतें. यंत्राची किंमत सरकारी हिशेबांत खर्ची पडते. पण शेतांत तिचें कांहींच होत नाहीं.

उलट कांहीं विद्या अशी असते कीं तिला यंत्रच लागत नाहीं. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत ओळीनें गुंडाळून ठेवावे व आठवड्यानें किती उगवले तें मोजावें. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरीं तीस किलो बियाणें पुरतें. सत्तरांहून कमी भरल्यास प्रत्येक टक्क्यास अर्धा किलो बियाणें वाढवावें, आणि साठांच्या खालीं गेल्यास तें बियाणें पेरूं नये. यास खर्च एका जुन्या गोणपाटाचा. परंतु ही चाचणी न केल्यामुळें दुबार पेरणीचा प्रसंग ज्यावर आला त्याचें नुकसान हजारोंनीं मोजावें लागतें. तात्पर्य, यंत्रावर घातलेला पैसा विद्येवांचून वांया जातो. विद्येवर घातलेला पैसा मात्र पुष्कळदां यंत्रावांचूनही फळतो. असें असून पैसा मात्र यंत्राकडे धांवतो, कारण यंत्राची पावती मिळते, त्याचें छायाचित्र निघतें व तें मोजतां येतें. विद्येस पावती नसते.

जुना अनुभव

ही चूक आजची नव्हे. इंग्रजी अमदानींत १८८३ च्या कायद्यानें जमीन-सुधारणेसाठीं व १८८४ च्या कायद्यानें बैल, बी-बियाणें इत्यादिकांसाठीं सरकार तगाई देत असे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां तगाईच्या जुन्या नोंदवह्या आमच्या नजरेखालून गेल्या. विहिरीस इतके, ताल-बांधास इतके, बैलजोडीस इतके असे आंकडे त्यांत आढळत. शेतकऱ्यानें कांहीं शिकावें म्हणून एक पैही दिल्याची नोंद आढळली नाहीं. ती आढळण्याचें कारणही नव्हतें, कारण त्या हिशेबांत शिक्षणाचें सदरच नव्हतें.

पुढें १९२६ सालीं शेतकीविषयक रॉयल कमिशन नेमलें गेलें व १९२८ सालीं त्याचा अहवाल आला. त्यास अनुसरून १९२९ सालीं शेतकी संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली आणि तिच्या योजनेखालीं १९३३ सालीं सोलापूर व विजापूर येथें कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. बांधबंदिस्ती, कांहीं वर्षांआड खोल नांगरट, वेळच्या वेळीं कुळवणी, बियाण्याचें प्रमाण कमी व दोन ओळींतील अंतर अधिक अशी जी पद्धत या संशोधनांतून सिद्ध झाली, तीच पुढें मुंबई पद्धत म्हणून ओळखली जाऊं लागली. पद्धत शास्त्रशुद्ध होती. परंतु तिनें होणारी वाढ बेताची असल्यामुळें ती आपण होऊन गांवोगांव पसरली नाहीं. आणि ती पसरविण्यास, म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर बसून समजावून देण्यास, जेवढीं माणसें व जेवढा पैसा लागता तेवढा कधींच उपलब्ध झाला नाहीं.

१९४२ सालीं मुंबई इलाख्यांत जमीन-सुधारणा योजनांचा कायदा झाला व समपातळीचे बांध मोठ्या प्रमाणावर घालण्यांत आले. बांध उत्तम मोजणीनें घातले होते; पण समपातळीची रेषा शेताच्या हद्दीस जुमानीत नाहीं. एकाच्या शेताचे दोन तुकडे झाले, दुसऱ्याच्या कोपऱ्यांत पाणी तुंबलें. बांध तेथेंच कां, हें ज्यास कोणीं सांगितलें नाहीं त्यानें तो पुढें नांगरून टाकला. अनेक गांवीं असे बांध नाहींसे झाले. जमिनीवर खर्च झाला, जमीन कसणाऱ्यावर झाला नाहीं. म्हणून तो टिकला नाहीं.

याच्या उलट अनुभव १९९० नंतरच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांत आला. या कार्यक्रमाचा पैसा जर्मन सरकारकडून येत असे, आणि त्याची वांटणी मोठ्या विचारानें केलेली होती. गांवकऱ्यांच्या तयारीचा व प्रशिक्षणाचा पैसा वेगळा ठेवलेला असून तो वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेच्या द्वारें येई. प्रत्यक्ष बांध-बंधाऱ्यांचा पैसा नाबार्डमार्फत येई. गांवानें आधीं एका लहानशा क्षेत्रावर स्वतः काम करून दाखवावें, श्रमदान करावें, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, पाणलोट समितीनें हिशेब ठेवावयास शिकावें आणि मगच मोठ्या कामाची रक्कम मिळावी, असा क्रम होता. जालना जिल्ह्यांतील कडवंची हें गांव या कार्यक्रमांतून उभें राहिलें. तेथें खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रानें पाणलोटाचें काम संपल्यावरही आपला संबंध तोडला नाहीं. त्या केंद्राच्या आवारांत दरमहा ठराविक दिवशीं शेतकऱ्यांची बैठक भरविण्याचा क्रम वर्षानुवर्षें चालला आहे. आज कडवंची द्राक्षांसाठीं प्रसिद्ध आहे. पाणी अडविलें हें तर खरेंच. पण अडविलेलें पाणी कसें वापरावें याचें शिक्षण अखंड चालूं राहिलें, हें त्याहून महत्त्वाचें.

पैसा कोठून येतो

हल्लीं शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीं पैसा येण्याच्या मुख्य वाटा चार आहेत. प्रत्येक वाटेचा स्वभाव निराळा असल्यामुळें तो ओळखून घेणें जरूर आहे.

पहिली वाट सरकारी अंदाजपत्रकाची. देशांतील पहिलें कृषि विज्ञान केंद्र १९७४ सालीं पाँडिचेरी येथें निघालें. आज अशीं केंद्रें देशांत सातशेंहून अधिक आहेत. त्यांचा खर्च मुख्यत्वें भारतीय कृषि संशोधन परिषद करते, मग केंद्र विद्यापीठाचें असो कीं खासगी संस्थेचें. याखेरीज कृषि तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, जिला सर्वजण ‘आत्मा’ म्हणतात, ती २००५-०६ पासून विस्तृत प्रमाणावर चालूं आहे. तिच्या खर्चाचा वांटा केंद्राकडून शेंकडा साठ व राज्याकडून शेंकडा चाळीस असा असतो. शेतीशाळा, सहली, प्रात्यक्षिकें यांसाठीं हीच रक्कम खर्ची पडते. या पैशाचा गुण असा कीं तो दरवर्षीं येतो. दोष असा कीं तो पुष्कळदां वर्षअखेरीस येतो. पेरणी जूनमध्यें व रक्कम मार्चमध्यें, अशी स्थिति झाली म्हणजे प्रशिक्षण शेतांत न होतां सभागृहांत होतें आणि शेतकरी भाषण ऐकून व चहा घेऊन घरीं जातो.

दुसरी वाट कर्जाच्या पैशाची. नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प हें तिचें मोठें उदाहरण. २०१८ सालीं सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यांत मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा व जळगांव अशा पंधरा जिल्ह्यांतील ५,१४२ गांवें घेतलीं होतीं. सुमारें ४,००० कोटी रुपयांच्या खर्चापैकीं शेंकडा सत्तर भाग जागतिक बँकेच्या कर्जाचा व शेंकडा तीस राज्याचा होता. या प्रकल्पांत वैयक्तिक अनुदानाबरोबर शेतीशाळेसही स्थान दिलें होतें, ही समाधानाची गोष्ट होय.

शेतीशाळेची कल्पना मूळ इंडोनेशियांतली. तेथें १९८९ सालीं भातावरील किडींच्या बंदोबस्तासाठीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें ती सुरू केली. गांवांतील वीस-पंचवीस शेतकरी पेरणीपासून काढणीपर्यंत ठराविक दिवसांच्या अंतरानें एकाच शेतावर जमतात. शेताचा एक तुकडा नव्या रीतीचा व शेजारचा तुकडा नेहमींच्या रीतीचा असतो. जमलेले लोक झाडें मोजतात, अळ्या मोजतात, मित्रकीटक मोजतात, ओल पाहतात आणि या आठवड्यांत काय करावयाचें हें आपसांत ठरवितात. शिकविणारा तेथें व्याख्यान देत नाहीं. तो प्रश्न विचारतो. शेवटीं दोन्ही तुकड्यांचें उत्पन्न व खर्च सर्वांसमक्ष मांडला जातो. ज्यानें स्वतःच्या हातानें अळ्या मोजल्या तो दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध विकत घेत नाहीं, हा या पद्धतीचा खरा लाभ.

मात्र कर्जाच्या पैशाचा एक स्वभाव ध्यानांत ठेवावा. तो मुदतीचा असतो. मुदत संपली कीं नेमलेलीं माणसें निघून जातात. आणि तें कर्ज राज्याच्या तिजोरींतून, म्हणजे आपण सर्वांनीं दिलेल्या करांतून, फेडावयाचें असतें. म्हणून त्याचा हिशेब मागणें हा उद्धटपणा नसून धनकोस व ऋणकोस दोघांसही हिताचा शिरस्ता आहे.

तिसरी वाट कंपन्यांच्या नफ्याची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांहून कमी नाहीं, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च केले पाहिजेत. १ एप्रिल २०१४ पासून हें कलम अंमलांत आहे. परंतु त्याच कलमांत, कंपनी जेथें काम करते त्या टापूस प्राधान्य द्यावें असेंही म्हटलें आहे. आतां कारखाने ठाणें-बेलापूर पट्ट्यांत, पुण्यास व मुंबईच्या आसपास; आणि कोरडे तालुके माण, आटपाडी, आष्टी, पाटोदा या बाजूस. जेथें पाऊस उदंड तेथें पैसाही अधिक थांबतो आणि जेथें दोन्ही नाहींत तेथें तो क्वचित पोहोंचतो. हें प्राधान्य म्हणजे सक्तीचें बंधन नव्हे. तेव्हां दूरच्या तालुक्यांतील संस्थांनीं नीट तयार केलेली योजना व स्वच्छ हिशेब घेऊन या कंपन्यांचीं दारें ठोठावल्यास हा पैसा तिकडे वळूं शकतो. पानी फाउंडेशन या संस्थेनें खासगी देणग्यांच्या बळावर २०१६ पासून गांवोगांवच्या लोकांस पाणलोटाचें शिक्षण दिलें. प्रत्येक गांवांतून पांच माणसें निवडून त्यांस चार दिवस शिकवावयाचें व त्यांनीं परत जाऊन गांव कामास लावावयाचा, अशी तिची रीत होती. प्रशिक्षणावर आधीं व बांधकामावर मागाहून खर्च करण्याचा हाही एक नमुनाच होय.

चौथी वाट आपली स्वतःची. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें दरवर्षीं पावसाचें माप घेऊन ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून पुढचीं पिकें ठरवितात. यास बाहेरचा पैसा लागत नाहीं. पर्जन्यमापक, एक वही, विहिरींची पातळी मोजण्यास एक दोरी आणि बेरीज-वजाबाकी येणारा एक मनुष्य एवढें भांडवल पुरतें. पहिल्या तिन्ही वाटा बंद झाल्या तरी ही चौथी उघडी राहते, म्हणून ती सर्वांत महत्त्वाची.

कोण वगळला जातो

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. प्रशिक्षणासाठीं यादी करावयाची झाली म्हणजे ती सात-बाराच्या उताऱ्यावरून होते. ज्याचें नांव उताऱ्यावर तो शेतकरी. ज्याचें नाहीं तो कोणीच नव्हे. कागदाच्या सोयीसाठीं हें ठीक असेल, परंतु शेतांत काम करणारा आणि उताऱ्यावर नांव असणारा हे दोघे एक असतातच असें नाहीं.

खुरपणी, वेचणी, बियाणें निवडणें व साठविणें हीं कामें बहुतेक ठिकाणीं बायका करतात; उताऱ्यावर नांव नवऱ्याचें किंवा सासऱ्याचें. पत्नीचें नांव सहज लावतां यावें म्हणून १९९२ सालीं सरकारनें लक्ष्मीमुक्तीचें परिपत्रक काढलें. परंतु त्याचा फायदा घेणारीं कुटुंबें मोजकींच निघालीं. ‘आत्मा’च्या नियमांत स्त्रियांसाठीं निदान शेंकडा तीस वांटा राखावा असें आहे. तो भरण्यासाठीं पुष्कळ गांवीं बायकांच्या सह्या घेतल्या जातात. पण बियाण्याची उगवण तपासण्याचा धडा मात्र ओट्यावर बसलेल्या पुरुषांस दिला जातो, आणि घरीं जाऊन तो धडा सांगण्याचें त्यांस सुचत नाहीं.

बटाईनें करणाऱ्याची स्थिति याहून अवघड आहे. त्याचें नांव उताऱ्यावर नाहीं, पीकपाहणींत तें लावूं देण्यास मालक कचरतो, आणि बटाई दरसाल बदलत असल्यामुळें बांध-बंदिस्तीवर श्रम करण्याचा उत्साहही त्यास राहत नाहीं. १५ एप्रिल २०२५ पासून कृषि योजनांच्या लाभासाठीं शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. तो जमिनीच्या नोंदीशीं जोडलेला असल्यामुळें ज्याच्या नांवें जमीन आहे त्याची सोय झाली. पण ज्याच्या नांवें ती नाहीं तो यादीच्या आणखी बाहेर गेला. अनुदान जमिनीवर असेल तर ही अट समजूं शकते. विद्या मात्र जमिनीस देतां येत नाहीं. ती माणसासच द्यावी लागते.

या वगळण्याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो हें यवतमाळ जिल्ह्यानें २०१७ सालीं पाहिलें. त्या सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांच्या आसपास माणसें दगावलीं व शेंकडों रुग्णालयांत पडलीं. त्यांत मजुरीनें फवारणी करणारे पुष्कळ होते. कोणतें औषध कशांत मिसळूं नये, वाऱ्याच्या कोणत्या बाजूनें चालावें, तोंड-हात कां झांकावे, ही माहिती जेथें दिली जाते तेथें मजुरास बोलावण्याची चाल नव्हती. औषधाचा पंप ज्याच्या पाठीवर असतो तो शाळेंत नसतो, ही गोष्ट कोणत्याही जमीनधारकास स्वस्थ बसूं देणारी नाहीं.

कोणी म्हणेल कीं, लहान शेतकऱ्याची किंवा मजुराची विद्या वाढविण्याशीं मोठ्या खातेदाराचा काय संबंध? संबंध असा कीं, पाणी, कीड व भूगर्भ यांस सात-बारा वाचतां येत नाहीं. वरच्या शेतांतील उताराची नांगरट खालच्या शेतांत गाळ आणून टाकते. त्याच २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें कपाशीचा घास घेतला, तेव्हां हंगामापुढें राखलेल्या फरदडींत व न जाळलेल्या पऱ्हाट्यांत ती वाढली होती. ज्यानें स्वतःच्या पऱ्हाट्या वेळींच काढल्या त्याचेंही पीक शेजारच्या अळीनें खाल्लें. एकानें खोल बोअर घेतली तर दहाजणांच्या विहिरी आटतात. म्हणजे गांवांतील सर्वांत अडाणी राहिलेल्या मनुष्याच्या अडाणीपणाची किंमत सर्व गांव भरतो. त्याच्या शिक्षणास लागणारा खर्च त्या किमतीपुढें कांहींच नव्हे.

दुसरा आक्षेप असा घेतात कीं, प्रशिक्षणास गेलेला शेतकरी पुढें तसें करीतच नाहीं. मग खर्च कशाला? हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु त्याचें कारण शेतकऱ्याचा हट्ट हें नसून बहुधा प्रशिक्षणाची तऱ्हा हें असतें. लहान शेतकऱ्यास नव्या रीतीचा धोका पत्करणें परवडत नाहीं. एक हंगाम फसला तर त्याच्या घरीं वर्षाचा दाणा राहत नाहीं. म्हणून त्यास ती रीत त्याच्यासारख्याच जमिनींत, त्याच्यासारख्याच माणसाच्या हातून झालेली दिसली पाहिजे, आणि पहिल्या वर्षीं ती अर्ध्या एकरावर करून पाहण्यास कोणीं तरी पाठीशीं उभें राहिलें पाहिजे. एक दिवसाच्या मेळाव्यांत यांपैकीं कांहींच घडत नाहीं.

आपण काय करावें

हें मासिक वाचणारे बहुतेक जमीनधारक व गांवांत वजन असलेले गृहस्थ आहेत. ग्रामसभेंत, सोसायटींत, शेतकरी कंपनींत त्यांच्या शब्दास मान असतो. त्यांच्या हातून सहज होण्याजोग्या पांच गोष्टी पुढें सुचवितों.

पहिली गोष्ट, शेतीशाळा कोणाच्या शेतावर भरते हें पाहावें. ती नेहमीं रस्त्यालगतच्या, विहीर असलेल्या मोठ्या शेतावर भरत असेल तर तिचा धडा कोरडवाहू शेतकऱ्यास लागू पडत नाहीं. यजमान शेतकरी मुद्दाम हलक्या जमिनीचा व बिनविहिरीचा निवडावा.

दुसरी, यादी उताऱ्यावरून न करतां कामावरून करावी. पेरणीचा धडा पाभर धरणाऱ्यास, बियाण्याचा धडा तें निवडणाऱ्या बाईस, फवारणीचा धडा पंप उचलणाऱ्या गड्यास. सालगड्यास व मजुरास त्या दिवसाची मजुरी न तोडतां पाठवावें; ती मजुरी म्हणजे मालकाचा शिक्षणनिधींतील वांटा समजावा. बायकांचा वर्ग भरावयाचा तर स्वयंपाकाच्या व पाण्याच्या वेळा टाळून भरवावा.

तिसरी, पैसा कोणत्याही वाटेचा असो, योजना आणणाऱ्या अधिकाऱ्यास किंवा संस्थेस तीन प्रश्न नम्रपणें पण स्पष्ट विचारावे. एकंदर रकमेपैकीं वस्तूंवर किती व शिकविण्यावर किती? रक्कम पेरणीपूर्वीं हातीं येईल काय? दुसऱ्या वर्षीं पाहावयास कोण येईल? या तिहींचीं उत्तरें ग्रामसभेच्या नोंदवहींत लिहून घ्यावीं. लिहिलेल्या शब्दास खात्यांत किती किंमत असते हें कारकुनीचा व्यवसाय केलेल्यास सांगावें लागत नाहीं.

चौथी, गांवाचा लहानसा शिक्षणनिधि असावा. दर खातेदारानें सुगीनंतर आपल्या ऐपतीप्रमाणें थोडी रक्कम किंवा पायलीभर धान्य द्यावें. त्यांतून एक पर्जन्यमापक, उगवण तपासण्याचीं साधनें, फवारणीचे मोजे व मुखवटे, आणि जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास वर्षांतून दोन फेऱ्यांचें गाडीभाडें एवढें सुटावें. सरकारनें महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रें बसविलीं आहेत. पण एका मंडळांत अनेक गांवें असतात व पाऊस शिवार पाहून पडतो, म्हणून गांवचें स्वतःचें माप हवेंच. स्वतःचा निधि असला म्हणजे बाहेरचा पैसा उशिरा आला किंवा मुळींच आला नाहीं तरी शाळा बंद पडत नाहीं. आणि ज्यांत आपला पैसा पडला आहे त्या वर्गास मनुष्य न चुकतां जातो.

पांचवी, हंगामाच्या शेवटीं दोन्ही तुकड्यांचा हिशेब चावडीवर किंवा देवळांत सर्वांसमक्ष वाचावा. त्यांत उत्पन्नाबरोबर खर्चही असावा. नवी रीत तोट्याची ठरली असेल तर तेंही लपवूं नये, कारण कोरडवाहू मुलखांत काय करूं नये हें कळणें हेंही मोठें शिक्षण आहे. जो हिशेब वाचला जातो तो पुढच्या वर्षीं पैसा मागण्यास सर्वांत चांगला अर्ज होतो.

हीं कामें मृगाच्या आधीं ठरवावीं लागतात. पाऊस पडल्यावर कोणासच सवड राहत नाहीं. येत्या चैत्र-वैशाखांत ज्या गांवीं पाणी व कामें कमी असतात त्या गांवींच ग्रामसभेंत हा विषय घ्यावा, आणि यादी करतांना पहिलें नांव ज्याच्या उताऱ्यावर सर्वांत थोडी जमीन आहे, किंवा मुळींच नाहीं, त्याचें लिहावें, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.